परीक्षकाची खुर्ची

अमरावतीच्या त्या कॉलेजात संगीताचा विभाग सुरू झाला, तेव्हा त्याला जागा मिळाली ती रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेमागची. खिडकी उघडली की कसलासा उग्र वास आत यायचा आणि बंद केली की मुली घामाने न्हाऊन निघायच्या. देवमन मास्तर खिडकी उघडीच ठेवत. "वासानं गळा बसत नाही, पोरीहो. भेवानं बसते," असं ते सांगत आणि पेटीचा भाता सोडत. भीतीबद्दल ते फार आत्मविश्वासाने बोलत, कारण तोवर त्यांना परीक्षेला कोणी बसवलं नव्हतं.

विभाग ही नंतरची गोष्ट. त्याआधी दहा-एक वर्षं मास्तरांचा नुसता वर्ग होता, राजापेठेत एका तेलघाणीच्या माडीवर. खाली घाणी कुरकुरायची आणि वर मंडळी षड्ज लावायची. एक शिंपी यायचा, दोघी शाळामास्तरणी यायच्या, आणि शिकायला म्हणून शहरात मामा-मावशीकडे राहिलेल्या शेतकऱ्यांच्या मुली यायच्या. गाणं शिकलेली मुलगी बिघडते असं मानणारे लोक अमरावतीत तेव्हा पुष्कळ होते, पण माडीचा जिना तेलाने इतका निसरडा होता की तिथे बिघडायला कोणी जाईल असं त्यांनाही वाटलं नसावं. मग कॉलेजच्या प्राचार्यांनी एकदा ऐकलं, त्यांना आवडलं, आणि वर्ग संध्याकाळपुरता कॉलेजात आला. एकसष्ट साली विद्यापीठाने संगीताची पदविका मान्य केली. रंगाऱ्याने दारावर पांढऱ्या अक्षरांत 'संगीत विभाग' असं रंगवलं. मास्तर रोज सकाळी धोतराच्या सोग्याने ती अक्षरं पुसत, धूळ असो वा नसो.

विभाग आला म्हणजे विभागाचे नियम आले. शिकवणाऱ्याकडे पदविका हवी, असं विद्यापीठाचं म्हणणं पडलं. मास्तरांकडे कसलाच कागद नव्हता. प्राचार्य भला माणूस. त्यांनी मास्तरांना बोलावून सरळच सांगितलं, "यंदाच्या पहिल्या तुकडीबरोबर तुम्हीही परीक्षेला बसा. पास झालात की जागा तुमची. नाही झालात तर जूनपासून नागपूरहून माणूस येईल. मग माझ्या हातात काही नाही."

म्हणजे ज्यांना शिकवायचं त्यांच्याच रांगेत बसून परीक्षा द्यायची, तीही चाळिशी ओलांडल्यावर. वर्गात ही बातमी सांगताना मास्तर हसले. घरी आल्यावर मात्र त्यांना जेवण गेलं नाही.

त्यांना एवढी धास्ती का बसली हे समजायला त्यांचे वडील डोमाजी ठाऊक हवेत. डोमाजी मूर्तिजापूरकडच्या एका खेड्यात सनई वाजवत. लग्न पाटलाचं असो की सावकाराचं, डोमाजींची जागा मांडवाच्या बाहेर. उन्हात उभं राहून वाजवायचं, आतून कोणी "हं, आता" म्हणालं की फुंकायचं, "पुरे" म्हणालं की थांबायचं. पंगती उठल्या की उरलंसुरलं पानावर टाकून बाहेरच आणून देत. पुढे ते अकोल्याला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला लागले तरी लग्नसराईत गावाकडून बोलावणं येई आणि जावं लागे. छप्पन्न साली नागपूरला जाऊन घरादाराने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. परत आल्यावर डोमाजींनी सनई फोडली नाही की विकली नाही, जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळून ठेवली. म्हणाले, "आता कोनाच्या दारात नाही."

आणि इकडे धामणगावच्या एका बँडवाल्याने मास्तरांना निरोप धाडला होता, की जूननंतर मोकळे असाल तर लग्नांत पेटीवर या, चांगलं ठेवू. बिचाऱ्याने मनापासूनच विचारलं होतं. पण तो निरोप ऐकला आणि मास्तरांना पाटलाचा मांडव दिसला. नोकरी गेली तर घरात चूल पेटायची राहणार नव्हती, बायको जाईबाई खमकी होती. पण पुन्हा दारात उभं राहावं लागलं असतं, तेही म्हाताऱ्याच्या हयातीत.

गाण्याची परीक्षा असती तर मास्तर इतके घाबरले नसते. भीती होती ती नावांची. मास्तर गाणं शिकले अकोल्यात, ताजनापेठेतल्या करामत मियाँकडे. लहानपणी ते मियाँच्या पायरीवर बसून ऐकायचे. एक दिवस मियाँ म्हणाले, "बाहर क्या बैठा है, अंदर आ," आणि तेवढ्यावर शिक्षण सुरू झालं. जात विचारली नाही, की फी ठरवली नाही. फक्त मियाँची एक तऱ्हा होती. रागाचं नाव ते सांगायचे नाहीत. नाव कळलं की शागिर्दाला वाटतं, झालं, राग आला, आणि तो पळतो, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे मास्तरांच्या लेखी राग होते ते 'दिवे लागायचा', 'पहाटेचा', 'जेवणानंतरचा'. राग पुरता मुरला की मियाँ जवळ बोलावून कानात नाव सांगत. पण निम्मीअधिक नावं सांगायची राहिली आणि मियाँ गेले. मास्तरांच्या गळ्यात राग होते, बिननावाचे.

विद्यापीठाला असं चालत नाही. नाव सांगा, थाट सांगा, वादी सांगा, संवादी सांगा. मग वर्ग सुटला की जमुना मास्तरांना शिकवायला बसू लागली. जमुना चांदूर बाजारकडची, शेतकऱ्याघरची पोर, आवाज खणखणीत आणि पाठांतर त्याहून. मास्तर गायचे आणि ती नाव सांगायची.

"हा मुलतानी, मास्तर."

"हा? हा तर पोळ्याचा हाय. मियाँ आमाले पोळ्याच्या दिवशी शिकवत."

"पोळ्याचा नाई म्हनायचं, मास्तर. मुलतानी म्हना. थाट तोडी."

"बरं, गुरुजी."

'गुरुजी' म्हटलं की ती कानाच्या पाळ्या धरायची आणि मास्तर पोट धरून हसायचे. तिच्यापुढे मास्तरांना सगळं बिनचूक येई. लेखी पेपर अमरावतीलाच झाला, तोही बरा गेला. राहिली तोंडी आणि गायनाची परीक्षा. तिचं केंद्र अकोल्याला, एका हायस्कुलात. परीक्षक नागपूरहून येणार होते, पांढरीपांडे म्हणून मोठे जाणकार. तापट आहेत असंही कळलं होतं.

एप्रिल महिना. जाईबाईने पहाटे उठून भाकऱ्या थापल्या, झुणका केला, मिरच्यांचा ठेचा वाटला. डबा हातात देताना म्हणाली, "तिथं गेल्यावर मांगं मांगं नका राहू. तुमची ते खोडच हाय. गाडीत चढाले लोकाइले वाट देता अन् दांडीले लोंबकळता."

"नाही राहत मागं," मास्तर म्हणाले. बदनेऱ्याला गाडी बदलून मास्तर वर्गातल्या मुलींसह अकोल्याला पोचले तेव्हा ऊन नुकतं तापायला लागलं होतं.

आता मास्तरांच्या वर्गाचा एक रिवाज सांगायला हवा, कारण पुढचं सगळं रामायण त्याच्यामुळेच घडलं. त्यांच्याकडे कोणी गायला बसण्याआधी मास्तरांच्या पाया पडायचं आणि मास्तरांनी "हं, होऊ द्या" म्हणायचं. त्याशिवाय तोंड उघडायचं नाही. मास्तर जरा मागे राहून पानाचे डाग पडलेलं उपरणं नीट करत होते. ते हायस्कुलाच्या व्हरांड्यात आले तशा पुढे गेलेल्या मुली उठून उभ्या राहिल्या आणि एकामागून एक त्यांच्या पाया पडल्या. ते पाहून तिथे बसलेल्या अकोल्याच्या परीक्षार्थींनाही वाटलं, पडायला हवं. तेही पडले. सगळा व्हरांडा वाकला.

केंद्राचे कारकून किसनराव सकाळपासून नागपूरच्या परीक्षकांची वाट बघून कातावले होते. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट, आणि अख्खा व्हरांडा पायाशी! त्यांना आणखी काय पुरावा हवा? ते धावतच आले. "या, या, गुरुजी! आमी कवाची वाट पाहून राह्यलो!"

त्यांनी मास्तरांना हाताला धरून आत नेलं. खाली सतरंजी, तंबोरा, तबला घेऊन बसलेला एक माणूस. समोर टेबल, त्यावर पांढरी चादर, पेल्यात झेंडूची फुलं, आणि मागे हातांची मोठी लाकडी खुर्ची.

"मी खाली बसतो," मास्तर म्हणाले.

"खाली कायले? मंग खुर्ची कोनासाठी मांडली?"

किसनरावांनी खांदे दाबून त्यांना खुर्चीत बसवलं. चहा आला, चिवडा आला. मास्तरांना भरून आलं. अकोला विसरलं नाही म्हणायचं! मियाँच्या कुणा जुन्या माणसाने सांगितलं असेल, की आपल्या ताजनापेठेतला पोरगा आता मास्तर झालाय. या वयात परीक्षेला बसतोय म्हणून मान देताहेत. शिवाय मागे राहू नका म्हणून जाईबाईने बजावलं होतंच. माणसाला सुखावणारी समजूत असली की तो ती तपासून बघत नाही. मास्तरांनी चहा बशीत ओतला आणि फुर्रकन प्यायला.

पहिली आत आली जमुना. मास्तरांना खुर्चीत बघून तिला वाटलं, ज्याच्या त्याच्या गुरूने समोर बसावं अशी विद्यापीठाची पद्धत असेल. ती पाया पडली. मास्तरांना वाटलं, परीक्षेआधी आवाज लावायला पाठवलं. "हं, होऊ द्या," ते म्हणाले. ती गायली. मास्तरांनी रोजच्यासारखं मध्येच थांबवून सांगितलं, "निषादावर घाई करू नको, तिथं काय आग लागली हाय?" ती परत गायली आणि गेली. दुसऱ्या मुलीही तशाच येऊन गेल्या.

मग एक अनोळखी बाई आली. शकुन नाव, अकोल्याचीच, चांगली संसारी बाई. मास्तर मनात म्हणाले, आली तर आली, हिचाही आवाज लावून देऊ. तिचा वरचा षड्ज दरवेळी खाली राहायचा. मास्तर खुर्चीतून पुढे वाकले, स्वतः गाऊन दाखवलं, "पोट घट्ट नका धरू, बाई. स्वयंपाकघरात पोराले हाक मारता तशी मारा." शकुनने हाक मारावी तसा सूर लावला आणि तो नेमका जागेवर बसला. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. हात जोडून ती म्हणाली, "साहेब, मले पास कराल न?"

साहेब कोण, म्हणून मास्तरांनी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

क्षणभर काही कळेना, आणि मग सगळं एकदम कळलं. पांढरी चादर, झेंडू, चिवडा. ते परीक्षार्थी होते आणि परीक्षकाच्या खुर्चीत बसून दुसऱ्या परीक्षार्थींची परीक्षा घेत होते. हे बाहेर कळलं तर पास होणं राहिलं बाजूला, लबाडी म्हणून कायमचं नाव खराब होणार. धामणगावच्या बँडवाल्याचा चेहरा त्यांच्या डोळ्यांपुढे आला.

ते उठायच्या आतच दारात टांगा थांबला. पांढरीपांडे आले ते धुळीने माखलेले, डोळे सुजलेले, हातात प्रसादाची पुडी. रात्रीच्या गाडीत त्यांना झोप लागली होती आणि अकोला केव्हा गेलं हे समजलंच नव्हतं. जाग आली ती शेगावला. आल्या आल्या त्यांनी जाहीर केलं, की महाराजांचं दर्शन घ्यायचं मनात होतं म्हणून मुद्दामच पुढे गेलो. यावर कुणाचा विश्वास बसला नाही, पण पुडी खरी होती.

"हा कोण माझ्या खुर्चीत?"

मास्तर ताडकन उठले. दोन्ही हातांनी कान धरले. "परीक्षार्थी आहे, साहेब. अमरावतीचा."

"परीक्षार्थी? आणि परीक्षा घेतोय?"

"याइनं काही म्हनलंच नाही, साहेब!" किसनराव ओरडले. मग मास्तरांकडे बघून त्यांचाच आवाज खाली आला. "म्हनले होते, खाली बसतो म्हनून. म्याच खांद्याले धरून बसवलं."

"मार्क दिले का कुणाला?"

"मार्क?" मास्तर म्हणाले. "नाही, साहेब. मी नुसतं शिकवलं."

पांढरीपांड्यांनी कपाळाला हात लावला. सगळ्यांची परीक्षा पुन्हा होईल, असं त्यांनी ठणकावलं. "आणि सुरुवात तुमच्यापासून. बसा खाली. काय गाणार?"

मास्तर सतरंजीवर बसले. काय गाणार हे त्यांना पक्कं माहीत होतं. महिनाभर तेच घोटलं होतं. पण नाव सांगायला तोंड उघडलं आणि आत काहीच नव्हतं. जमुनाने शिकवलेलं एकूणएक नाव पुसून गेलं होतं. दाराशी जमुना ओढणीचं टोक चावत उभी होती. तिला सांगता येत होतं, पण सांगायची सोय नव्हती.

"जेवणानंतरचा," मास्तरांच्या तोंडून निघालं.

"काय?"

"जेवणानंतरचा गातो, साहेब."

पांढरीपांड्यांच्या मिशा थरथरल्या. आता हा माणूस हाकलून देणार, असं जमुनाला वाटलं. तेवढ्यात साहेबांच्या पोटातून असा काही आवाज आला की तबलजीने चमकून तबल्याकडे पाहिलं.

"अहो, मी कालपासून जेवलो नाही," पांढरीपांडे म्हणाले, आणि त्यांना एकाएकी हसू फुटलं. हसता हसता ते खुर्चीतच बसले. "आणि तुम्ही मला जेवणानंतरचं ऐकवताय! आधी जेवण तरी दाखवा!"

किसनरावांनी चिवड्याची बशी पुढे केली, तर ती रिकामी. ती कुणी रिकामी केली हे सगळ्यांना ठाऊक होतं. मग मास्तर उठले आणि कोपऱ्यातला आपला डबा घेऊन आले. टेबलावर ठेवायला हात पुढे झाला आणि तिथेच थबकला. अशा माणसांपुढे आपला डबा ठेवायचा त्यांना सराव नव्हता. पांढरीपांड्यांनी तो सरळ त्यांच्या हातातून घेतला आणि झाकण काढलं. डबा कुणाच्या घरचा, कोणत्या मोहल्ल्यातला, त्यांनी काही विचारलं नाही. बऱ्याच वेळाने, नाकाडोळ्यांतून पाणी वाहत असताना, एवढंच विचारलं, "ठेचा आणखी आहे का हो?"

"आहे, साहेब," मास्तर म्हणाले. त्यांचा गळा तेव्हा मोकळा झाला.

सगळेच जेवले. मुलींनी आपापले डबे सोडले, शकुन घरून ताकाची कळशी घेऊन आली. उन्हं कलली. पांढरीपांड्यांनी हात धुतले, ढेकर दिली आणि म्हणाले, "हं. आता झाली तुमच्या रागाची वेळ. होऊ द्या."

'होऊ द्या' ऐकलं आणि मास्तरांना आपल्याच वर्गात बसल्यासारखं वाटलं. त्यांनी डोळे मिटले. मियाँची ओसरी, जेवून पसरलेला मोहल्ला, वाळत घातलेल्या गोधड्या. ते गायले. रोज गात तसेच गायले, काही जगावेगळं झालं नाही. पण कुठे अडलेही नाहीत. तबला थांबला तेव्हा पांढरीपांडे म्हणाले, "मास्तर, आता नाव?"

"भीमपलासी," मास्तर म्हणाले. "थाट काफी. वादी मध्यम, संवादी षड्ज." शब्द असे आले जणू कुठे गेलेच नव्हते. दाराशी जमुनाने एवढा मोठा श्वास सोडला की साहेबांनी तिला दटावलं आणि पुढची म्हणून तिलाच आत बोलावलं.

परतीच्या गाडीत मुलींनी बदनेऱ्यापर्यंत धिंगाणा घातला. मास्तर खिडकीशी बसून होते. पास होऊ की नाही हे अजून माहीत नव्हतं, तरी महिन्याभराने पहिल्यांदा त्यांना सडकून भूक लागली होती, कारण डब्यातली जेमतेम चतकोर भाकर त्यांच्या वाट्याला आली होती.

निकाल जूनमध्ये लागला. प्राचार्यांनी मास्तरांना बोलावून हात हातात घेतला आणि म्हणाले, "नागपूरचा माणूस आता येत नाही." मास्तर विभागाच्या दाराशी गेले, पांढरी अक्षरं पुसली, आणि तिथेच थोडा वेळ उभे राहिले. त्यांना रडू येत होतं आणि त्यांनी ते येऊ दिलं. मग जमुनाच्या मावशीकडे पेढे देऊन घरी आले.

जाईबाई पेढा खाता खाता म्हणाली, "माह्या ठेच्यानं पास झाले तुमी." त्यात फार खोटं नव्हतं, म्हणून मास्तरांनी वाद घातला नाही.

डोमाजी बाजेवर बसले होते. नजर गेली होती, पण कान शाबूत होते. मास्तरांनी त्यांच्या हातावर पेढा ठेवला. म्हाताऱ्याने तो मुठीत धरून ठेवला.

"देवमन, थे खुर्चीचं सांग."

"किती वेळा सांगू, बाबा?"

"सांग न, बाप्पा. हात टेकवाच्या दांड्या होत्या थे खुर्चीले?"

"होत्या."

"अन् पाया पडले लोक? आपल्या?"

"पडले. चुकून पडले, बाबा."

"चुकून का होईना." म्हातारा बाजेवर पुढे सरकला. "मंग कोनी ऊठ म्हनलं तुले?"

"कोणी म्हणालं नाही. मीच उठलो."

"काहून?"

"खुर्ची त्याइची होती, बाबा."

डोमाजींनी मान हलवली. हे त्यांना पटलं. ज्याची त्याला दिली, योग्य केलं.

"पन बसला होता तू."

"हो, बाबा. बसलो होतो."

"आत?"

"आत."

मग म्हाताऱ्याने मूठ उघडली आणि पेढा तोंडात टाकला.